सालेमला ओळख कोण देणार?

निवृत्त बँकवाल्यांना लोक दोनच गोष्टी विचारतात. तुमच्या शाखेवर कधी दरोडा पडला होता का, आणि सध्या ठेवीवर जास्त व्याज कुठली बँक देते. माझ्या सगळ्या नोकरीत दरोडा एकदाही पडला नाही आणि व्याजाचे दर मी आता बघत नाही. त्यामुळे मला गप्पांना फारसं कुणी बोलवत नाही. यंदा संपादकांनी अंकासाठी बँकेतलं काहीतरी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा ठरवलं की जे कधीच कुणी विचारलं नाही त्याबद्दल लिहावं. ते म्हणजे ओळख.

आता खातं उघडायला कागद लागतात. आमच्या वेळी माणूस लागायचा. नवा माणूस आला की त्याच्यासोबत बँकेचा एखादा जुना खातेदार यायचा, 'मी यांना ओळखतो' म्हणून सही करायचा, आणि ती सही आमच्याकडच्या नमुना सहीशी जुळली की खातं उघडायचं. किमान सहा महिन्यांची ओळख हवी, एवढीच अट. कुणी दुसऱ्याच्या नावाचा चेक चोरून, त्याच नावाचं खोटं खातं उघडून पैसे उचलू नयेत, म्हणून ही सगळी तजवीज. चाकूर, रेणापूर, लोहा आणि शेवटी लातूर, सगळीकडे मी प्रामुख्याने हेच काम केलं. कोण कुणाला ओळखतं ते तपासलं.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. रेणापूरला एक सासू सुनेला घेऊन आली होती. कधीपासून ओळखता, असं मी विचारलं. ती म्हणाली, लग्न होऊन सात-आठ वर्षं झाली, पण अजून ओळखू आली न्हाई. मी 'आठ वर्षं' लिहून घेतलं. चाकूरला एका गृहस्थांनी होणाऱ्या व्याह्याला ओळख दिली आणि पुढे सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी ते काउंटरवर हजर. म्हणाले, माझी ओळख वापस द्या, मी ह्या माणसाला आता ओळखत न्हाई. दिलेली ओळख परत घेण्याची सोय बँकेत नाही, हे त्यांना पटवता पटवता माझं जेवण राहून गेलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. आमच्या भागातल्या लोकांच्या मनात ओळख आणि जामीन यात फरकच नव्हता. सही केली की तो माणूस आपल्या गळ्यात पडला, अशी पक्की समजूत. माझे वडील उदगीरला किराणा दुकान चालवायचे. मी बँकेत लागले त्या दिवशी त्यांनी एकच उपदेश केला, की माणसाला उपाशी पाठवू नये आणि त्याच्यासाठी सही करू नये. मी त्यांच्या उपदेशाविरुद्ध लोकांना सह्या करायला लावून पगार घेत होते.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. माझी बदली लातूरच्या शाखेत झाली होती. जिल्हा नवा असल्यामुळे पाट्या सगळ्या लागल्या होत्या, आणि फायली बऱ्याचशा जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणी, उस्मानाबादला होत्या. पाऊस दुसऱ्या वर्षीही दगा देऊन गेला होता. टँकर आला की बँकेतले अर्धे ग्राहक टोकन हातात धरूनच बाहेर पळायचे आणि घागर भरून परत रांगेत यायचे. त्यांचा नंबर गेला म्हणून कधी भांडण झालं नाही. त्या दिवसांत तेवढी माणुसकी सगळ्यांत होती.

अशा दिवसांत सालेम आमच्या शाखेत आला. येमेन देशातला विद्यार्थी. गावात नवीन निघालेल्या औषधशास्त्राच्या कॉलेजात त्याने प्रवेश घेतला होता. उंच, सडपातळ, डोक्यावर दाट कुरळे केस. आखातात ड्रायव्हर असलेल्या थोरल्या भावाने त्याला फीसाठी ड्राफ्ट पाठवला होता, आणि तो वटवायला त्याच्या नावाचं खातं हवं होतं. त्याने सांगितलं ते असं: महिनाअखेर फी भरली नाही तर कॉलेजातून नाव कमी होणार, आणि नाव कमी झालं की भारतात राहण्याची परवानगीही संपणार. ड्राफ्ट मुंबईला जाऊन वटून यायला वेळ लागतो हे कॉलेजला मान्य होतं. खातं उघडलं आहे आणि ड्राफ्ट पाठवला आहे, असं बँकेने लिहून दिलं तरी चालणार होतं. म्हणजे सगळं एका सहीवर अडलं होतं.

तो हे मोडक्या मराठीत सांगत होता. आला तेव्हा त्याला अरबीखेरीज इंग्रजीच येत होतं, पण कॉलेजचं वसतिगृह पाण्याअभावी बंद झालं, मुलं आपापल्या गावी गेली, आणि ज्याला जायला गाव नव्हतं असा हा एकटा गंजगोलाईच्या बाजारपेठेत एका आडत्याच्या माडीवर राहायला गेला. तिथे त्याने आमची भाषा उचलली. "मॅडम, लई अर्जंट हाय," असं तो मला पहिल्या दिवशी म्हणाला, आणि मी चुकून त्याला मराठीतला फॉर्म दिला.

परदेशी माणसाचं खातं आमच्या शाखेने कधी उघडलं नव्हतं. मॅनेजर साहेब नांदेडचे, सज्जन आणि भित्रे. त्यांनी सर्वात आधी पोलिसांकडची नोंद आणायला सांगितली. उस्मानाबादचे पोलीस म्हणाले, आता तुमचा जिल्हा लातूर. लातूरचे म्हणाले, परदेशी लोकांचं टेबल अजून उस्मानाबादहून यायचं आहे. सालेमने दोन्हीकडे इतक्या खेपा घातल्या की कंडक्टर त्याला तिकिटाचं ठिकाण विचारेनासे झाले. शेवटी कुणा दयाळू हवालदाराने जुन्या जिल्ह्याचा शिक्का मारून वर पेनने 'लातूर' लिहून दिलं. साहेबांनी विभागीय कार्यालयाला पत्र लिहून विचारलं, काय करावं. उत्तर आलं, की शाखेने ओळखीबाबत आपल्या स्तरावर समाधान करून घ्यावे. साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, घ्या, करून घ्या समाधान.

आता गंमत अशी, की तोवर सालेमला ओळखत नाही असा माणूस गावात सापडणं मुश्कील होतं. पेठेतून तो निघाला की दोन्ही बाजूंनी हाका. टँकर आला की म्हाताऱ्या बायकांच्या घागरी तो माडीपर्यंत चढवायचा. पण येऊन त्याला चारच महिने झाले होते, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे सही कुणी करेना.

मी स्वतः त्याच्या घरमालकांकडे गेले. विरूपाक्षअप्पा, आमच्याच लिंगायत समाजातले, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि आमच्या शाखेचे जुने खातेदार. सालेमकडून त्यांनी भाडं घेतलं नव्हतं. दोन वेळा ज्वारीची भाकरी आणि वरण त्यांच्या घरातूनच माडीवर जायचं. मी सहीचं काढलं, तसे अप्पा सावरून बसले.

"बाई, वर्षभर जेवू घालीन. पोरगं लाखात एक हाय. पर सहीचं काढू नका."

मी समजावलं की ही जामिनकी नाही. हे फक्त ओळखीचं आहे, त्याने काही केलं तरी तुमच्यावर येणार नाही.

"काहीच येणार न्हाई?"

नाही, म्हटलं.

"मंग सही कशाला पाहिजे?"

मी चहा घेऊन परत आले.

मी का सही केली नाही, असं कुणी विचारेल. खातं उघडणाऱ्या अधिकाऱ्यानेच ओळख द्यायची नसते, असा नियम होता, आणि तो योग्यच होता. बाकीच्यांना साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं. कुणाचं खातं तालुक्याला होतं, कुणाची बढती आली होती, कुणाला बायकोला विचारायचं होतं. सगळे चांगले लोक होते. त्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं डबा खाल्ला आहे. पण त्या आठवड्यात मला त्यांचा राग आला होता हे खरं.

मग साहेबांना चाऊस आठवले.

उमर चाऊस, म्हणजे आमचे चाचा, शाखेचे पहारेकरी, लांबच्या रजेवरून नुकतेच परतलेले. चाऊस म्हणजे निजामाच्या काळात अरबस्तानातून फौजेत आलेल्या लोकांचे वंशज. नांदेड, परभणी, लातूर, सगळीकडे त्यांची घरं आहेत. जुनी माणसं त्यांना सरसकट अरबच म्हणतात. खजिन्याचा पहारा हे त्यांचं पिढीजात काम, आणि दारात अरब बसला की चोर फिरकत नाही असा लोकांचा विश्वास. आमचे चाचा पन्नाशी ओलांडलेले, मेंदी लावलेली दाढी, खांद्याला दुनळी बंदूक. काउंटरवर फार गलका झाला की ते अरबीत काहीतरी खणखणीत बोलायचे आणि शाखा चिडीचूप व्हायची. त्यांच्या घरात सगळे अरबीच बोलतात, अशी आमची खात्री होती.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये समोरासमोर उभं केलं. चाचांना म्हणाले, तुमचाच माणूस आहे, जरा नीट चौकशी करा. चाचांना बघून आणि त्यांनी केलेला सलाम ऐकून सालेमचा चेहरा उजळला. चार महिन्यांत त्याला अरबी बोलायला माणूस मिळाला नव्हता. तो जो सुरू झाला तो थांबेचना. चाचा बंदुकीसह ताठ उभे राहून ऐकत होते. मधूनमधून होकाराची मान हलवून म्हणत, हाव. शेवटी ते साहेबांकडे वळले.

"सायेब, पोरगं चांगल्या घरचं हाय."

साहेब म्हणाले, एवढा वेळ बोलला तो, आणि अर्थ एवढाच?

"अरबी लई लांबट भाषा हाय, सायेब."

साहेबांचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण सालेम माझ्या टेबलापाशी येऊन गोंधळून उभा राहिला होता. त्याने आपल्या आईबद्दल, गावाबद्दल सगळं सांगितलं होतं आणि तुम्ही कुठल्या गावचे, असं चाचांना विचारलं होतं. त्यावर चाचा 'हाव' म्हणाले होते.

दुपारी चाचा स्वतःच आले. आवाज खाली आणून म्हणाले, "बाईसाब, मला अरबी येत न्हाई. नमाजापुरती येती, तीच मोठ्यानं म्हणतो. सायबाला सांगू नका, ते भरवशावर हायेत." मी कशाला सांगते. आमच्या शाखेची सुरक्षा निम्मी त्या अरबीवरच उभी होती. मग त्यांनी विचारलं, पोरगं काय म्हणत होतं? मी सालेमची अडचण सांगितली. सही मिळाली नाही तर त्याला परत पाठवतील, हे ऐकल्यावर ते दारात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी बराच गलका झाला, पण ते अरबीत काही म्हणाले नाहीत.

महिन्याचा शेवटचा शनिवार आला. शनिवारी अर्धा दिवस काम. दुपारी ग्राहक गेले, चाचांनी जाळीचं दार ओढलं. आत सालेम तेवढा बसून होता. त्याने सामान बांधून ठेवलं होतं. अप्पांच्या घरच्यांनी प्रवासाला म्हणून धपाटे करून दिले होते, ती पुरचुंडी त्याच्या मांडीवर होती. मला ते बघवेना.

चाचा माझ्या टेबलासमोर आले. म्हणाले, फॉरम काढा, मी ओळख देतो.

त्यांचं खातं आमच्याकडेच होतं. पहारेकऱ्याने ओळख देऊ नये, असा नियम नव्हता. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, चाऊस, सहा महिन्यांची ओळख लागते, तुम्ही तर ह्याला परवा पाहिलंत. चाचा त्यांच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, चाचा, मला विचारावंच लागेल. तुम्ही ह्याला कधीपासून ओळखता?

चाचा खाली बसले. नोकरीत मी त्यांना ड्यूटीवर बसलेलं पाहिलं ते तेव्हाच.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील कंधारच्या खजिन्यावर पहारेकरी होते. थोरला भाऊ सईद अरबस्तानात जन्मलेला, लहानपणी वडिलांबरोबर इकडे आला. उमर इकडेच, लोह्याजवळच्या एका खेड्यात जन्मले. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा वडील वारले होते. अरबांना गोळा करून हैद्राबादेला छावणीत ठेवलं. जे इथे जन्मले त्यांना राहू द्यायचं आणि जे बाहेरून आले त्यांना जहाजात बसवून परत पाठवायचं, असं ठरलं. कुणाचा जन्म कुठला, हे सांगायला ओळखीचा माणूस लागायचा. गावचे पाटील त्यासाठी हैद्राबादेपर्यंत गेले.

"पाटलानं मला ओळखलं. म्हणले, हे पोरगं आमच्या गावात जल्मलं, मी बघितलंय. मंग छावणीच्या सायबानं सईदकडं बोट केलं, ह्याचं काय. पाटील म्हणले, ह्याचा जल्म म्या बघितला न्हाई. तो बाहेरून आला."

मी विचारलं, मग?

"मंग काय. त्याला जहाजात घातलं. मी पाटलाबरोबर गावाला आलो. त्यांनीच मला वाढवलं." चाचांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. "पाटील खोटं बोलले न्हाईत, बाईसाब. लई सच्चा माणूस. पर एकदा खोटं बोलले असते तर चाललं असतं."

सालेमला अर्धं कळलं असेल, अर्धं नाही. साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. नोकरीत त्यांनी घेतलेला तो सर्वात धाडसी निर्णय होता असं मला वाटतं.

"लिवा," चाचा म्हणाले, "मी ह्या पोराला लई दिवसांपासून ओळखतो."

मी अक्षरशः तेच लिहिलं. 'लई दिवसांपासून.' चाचांनी खाली उर्दूत सही केली. नमुन्याशी तपासली, जुळली. सालेमच्या नावाचं पासबुक केलं, कॉलेजसाठी पत्र टाइप केलं, आणि तो कॉलेजचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोहोचावा म्हणून आमच्या कॅशियरने त्याला आपल्या स्कूटरवर नेलं. हा कॅशियर म्हणजे ज्याला बायकोला विचारायचं होतं तोच. धपाट्यांची पुरचुंडी माझ्या टेबलावर राहिली. ती आम्ही खाल्ली.

पुढच्या तपासणीत इन्स्पेक्टरांनी तो फॉर्म काढला आणि लई म्हणजे किती, असं विचारलं. ते कोकणातले होते. आमच्याकडे लई म्हणजे सहा महिन्यांच्या वरच असतं, असं मी सांगितलं. त्यांनी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली.

विरूपाक्षअप्पांना आठवड्यात बातमी लागली. बँकेत येऊन मला म्हणाले, अरबानं सही केली म्हणे, आता त्याचं घर जातंय बघा. वर्ष गेलं, चाचांचं घर कुठे गेलं नाही. तेव्हा अप्पा पुन्हा आले आणि म्हणाले, म्या पण दिली असती, तुम्हाला नीट समजावून सांगता आलं न्हाई. आमच्या धंद्यात ग्राहकाशी वाद घालायचा नसतो. मी 'शरणू' म्हणून हात जोडले आणि म्हटलं, अप्पा, माझंच चुकलं.

सालेम शिकत राहिला. शुक्रवारी नमाजानंतर चाचांच्या घरी जेवायला जायचा. चाचांना अरबी शिकवायचा त्याने खूप प्रयत्न केला. चाचा म्हणायचे, आता शिकलो तर गलक्याच्या वेळी काय म्हणू, मला अर्थ कळायला लागंल. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाल्यावर तो सुट्टीला मायदेशी गेला. चाचांनी त्याला काही सांगितलं नव्हतं, मीही नाही. पण त्या शनिवारी त्याला आम्हाला वाटलं त्याहून जास्त कळलं होतं.

परत आला तो थेट बँकेत, स्टँडवरून, पाठीवर बॅग तशीच. आम्ही नुकतंच दार उघडलं होतं. चाचा दारातच होते. तोवर त्याची मराठी चांगली झाली होती. तो म्हणाला, "चाचा, मी मुकल्ल्याला गेलो होतो. बंदर आहे ते. तिथं जहाजातून उतरलेल्या लोकांची गल्ली आहे. सईदचाचा तिथं राहायचे."

"राहायचे?"

"चार वर्षं झाली त्यांना जाऊन. भज्यांचं दुकान होतं. मिरचीची भजी. तिथं तसली भजी दुसरं कुणी करत नाही." त्याने पाठीवरची बॅग खाली ठेवली. "त्यांना त्यांच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. म्हणून शोधायला वेळ लागला. सगळे त्यांना हिंदी म्हणायचे, म्हणजे हिंदुस्थानातला. शेवटपर्यंत हिंदीच."

चाचांनी बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मागे लोक जमू लागले होते. त्यांनी दार पूर्ण उघडलं, दोघा-तिघांना आत घेतलं, आणि मग माझ्या टेबलाकडे आले. मला वाटलं, सुट्टी मागतील. मी अर्ज काढायला लागले.

"बाईसाब," ते म्हणाले, "माझ्या भावाला तिथं ओळख कुणी दिली असंल?"